मांजरांसकट झोपायची गादी: चौदा महिन्यांनंतर

आमच्या खाटेवर रात्री पाच जीव असतात. मी, यजमान आणि आमची तीन मांजरं: भाटी, मिरसांग आणि खाजे. गादी घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "दोघांसाठी ना?" आणि आपण हो म्हणून मोकळे होतो. चूक तिथेच होते. दोन वर्षांपूर्वी माझी झाली आणि त्यात साडेचौदा हजार रुपये गेले. गेल्या वर्षी एप्रिलात इथे गोव्यात, फोंड्यातल्या एका जुन्या गादीवाल्याकडून काथ्याची गादी करून घेतली. तिच्यावर एक अख्खा पावसाळा काढला, दुसरा आता मिरगाबरोबर सुरू झालाय. ज्यांच्या घरी मांजरं अंथरुणात येतात त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

दुकानाचं नाव देत नाही, कारण गादीवाल्या चाचांनीच तसं सांगितलं. "बाय, नाव नको घालू. हात दोनच आहेत, माणसं येतील आणि मला 'नाही' म्हणता येत नाही." काथ्याचं काम करणारा कुठलाही गादीवाला अशी गादी करून देईल, फक्त काय हवं ते आपल्याला सांगता आलं पाहिजे. म्हणून माप, कापड, पैसे सगळं नीट लिहिते.

आधी मांजरांबद्दल, कारण गादी त्यांच्या सवयींवरून ठरली. भाटी सगळ्यांत थोरली, पंधरावं वर्ष चालू आहे. आमच्याकडे मांजरीला भाटीच म्हणतात, हिला वेगळं नाव कधी पडलंच नाही. ती माझ्या गुडघ्यांच्या मागच्या पोकळीत झोपते. मी कुशीवर वळले की उठते, मी स्थिर होईपर्यंत थांबते आणि पुन्हा त्याच पोकळीत येऊन बसते. मिरसांग सहा वर्षांची, यजमानांच्या पायथ्याशी. खाजे हा बोका चार वर्षांचा. म्हार्दोळच्या जत्रेत खाज्यांच्या दुकानाच्या फळीखाली भिजून बसला होता, तिथून उचलून आणला. तो उशांच्या मधोमध झोपतो आणि एक पंजा यजमानांच्या कपाळावर ठेवतो.

यजमान कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. पहिली पाळी असली की साडेचारला उठतात. मला कमरेचा त्रास. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मेमरी फोमची गादी ऑनलाइन मागवली, ती माझ्या कमरेसाठी. तिचं एक कौतुक आधी करते, कारण ते खरं आहे: यजमान पहाटे उठले तरी बाजूच्या माणसाला काही कळत नाही. मांजर उडी मारून आलं तरी कळत नाही. हालचाल गिळण्यात फोमच्या जवळपासही काही नाही, माझी आताची गादीसुद्धा नाही. ज्यांची झोप फार हलकी आहे आणि ज्यांची मांजरं वयाने तरुण, निरोगी आहेत, त्यांनी फोमचा विचार जरूर करावा. पण आपल्या हवेत तो तापतो. हा फोम अंगाच्या उष्णतेने मऊ पडतो, त्याचं काम चालतं तेच त्या तत्त्वावर, आणि ती उष्णता तो सहजी सोडत नाही. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या घरात, म्हणजे आपल्याहून दीड-दोन अंश जास्त. एप्रिल-मेमध्ये त्या गादीवर आम्ही दोघं घामाने निथळायचो आणि मांजरं खाली लादीवर ताणून द्यायची.

ते एकवेळ सोसलं असतं. गादी फेकावी लागली ती दुसऱ्याच कारणाने.

खाजे एका रात्री गादीवर बसून चार थेंब करून गेला. मी चिडले, चादर बदलली. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री तो बसला, जोर करत राहिला आणि काहीच झालं नाही, नुसता बारीक आवाज काढत होता. सकाळी त्याला पणजीला डॉक्टरांकडे नेलं. लघवी तुंबली होती. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यात खडे-चिकटा अडकला की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नळी घालून मोकळं केलं, तीन दिवस तिथे ठेवलं. तो वाचला. त्या पहिल्या रात्री मी त्याच्यावर ओरडले होते, हे आजही मला लागतं. म्हणून गादीच्या परीक्षणात हे ठळकपणे लिहिते: घाणीच्या पेटीत जाणारं मांजर एकाएकी अंथरुणात लघवी करू लागलं तर त्याला शिक्षा करू नका, दवाखान्यात न्या. बोका नुसता जोर करत असेल आणि थेंब पडत नसेल तर सकाळचीही वाट पाहू नका.

फोमचं मात्र कल्याण झालं. आत मुरलेलं काढताच येत नाही. वरून पुसलं की वास जातो असं वाटतं, पण मांजराच्या लघवीतलं युरिक आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही, आणि हवेत दमटपणा वाढला की वास परत उठतो. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला आणि खोली भरून गेली. एन्झाइमचं औषध लावल्यावर बरंच कमी झालं, पण सहा इंच जाडीत ते खोलवर पोचायचं कसं? सासूबाई फिनाईल घेऊन आल्या. नशीब, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं: मांजराच्या यकृताला फेनॉलचं विष निकामी करता येत नाही. फिनाईल पंजाला लागतं आणि मांजर पंजा चाटतं. चवथीच्या पाहुण्यांच्या गाद्या पेटाऱ्यात डांबरगोळ्या घालून ठेवायची आपली पद्धत. त्या गोळ्याही मांजरांना विषारीच. आता आम्ही त्या गाद्या नुसत्या उन्हं दाखवून ठेवतो.

कंपनीने शंभर रात्रींत गादी परत घेण्याचं वचन दिलं होतं. नव्वदाव्या रात्रीच्या आत फोन केला. डाग आहे, केस आहेत, परत घेता येणार नाही, म्हणाले. मांजरं पाळणाऱ्यांनी असल्या वचनाच्या अटी आधी वाचाव्यात. ऑगस्टमध्ये गादी उचलून पाहिली तर खालच्या अंगाला काळा बुरा धरला होता. आमची खाट खालून बंद प्लायवूडची, वारा खेळायला जागा नाही, आणि आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे दोष एकट्या गादीचा नव्हता, खाटेचाही होता. प्लायवूड काढून सागाच्या पट्ट्या मारून घेतल्या. मेस्त्रीने अडीच हजार घेतले, आणि या सगळ्या खर्चात तो सर्वांत सार्थकी लागला.

मग चाचांकडे गेले. दुकान म्हणजे एक खोली, मागे कापूस पिंजायचं यंत्र, भिंतीला गादीपाटाचे ताके उभे केलेले. त्यांनी कमरेचं ऐकून घेतलं, खाटेचं माप लिहून घेतलं. मी जरा दबकत म्हटलं, "चाचा, आमच्याकडे मांजरं वर झोपतात." दुसरीकडे हे सांगितलं की माणसं हसतात नाहीतर तोंड वाकडं करतात. चाचांनी पेन्सिल पुन्हा उचलली. किती? वजन केवढं? नखं कुठे मारतात, वर की कडेला? झोपून उठल्यावर की एरवीही? एवढे प्रश्न मला फोमवाल्यांच्या अख्ख्या संकेतस्थळावर कुणी विचारले नव्हते.

पहिल्यांदा मी कापसाचीच गादी मागितली होती, लहानपणी माहेरी डिचोलीला होती तशी. त्यांनीच नको म्हटलं. कापूस दमट हवेत ओल धरतो, गोळे होतात, दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावा लागतो. आणि कापसाच्या गादीला वरून टाके लागतात, नाहीतर कापूस सरकतो. त्या टाक्याच्या गोंड्यावर मांजराचं नख अडकतं, ते ओढतं, दोरा सुटतो, आणि ओढण्यात मजा आहे हे एकदा कळलं की मग एकही गोंडा राहत नाही. सासूबाईंच्या खोलीतल्या गादीवर मिरसांगने हेच केलेलं मी पाहिलं होतं.

ठरलं ते असं. ७२ बाय ६० इंच, जाडी पाच इंच. खाली चार इंच रबराइज्ड काथ्या, म्हणजे पीळ दिलेला काथ्या उकलून त्याच्यावर रबराचा चीक फवारून दाबून पक्का केलेला. वर एक इंच लॅटेक्स, कारण नुसता काथ्या माझ्या खांद्याला टोचला असता. काथ्याच्या तंतूंमधून वारा खेळतो, आणि काथ्या लवकर कुजत नाही. नारळाचं सोडण महिनोन्‌महिने पाण्यात भिजत घालूनच तर तो काढतात. वरच्या अंगाला एकही टाका नाही. गादीला कायमचं शिवलेलं साधं सुती कापड, आणि त्याच्यावर तिन्ही बाजूंनी झिप असलेली खोळ, अशा दोन खोळी. खोळीचं कापड दाट विणीचं, गुळगुळीत सुती ड्रिल, हाताला जरा कडक लागतं. हे कापड निवडणं सर्वांत महत्त्वाचं. मखमल, टर्किश टॉवेलसारखं कापड, सैल विणीचा हातमाग यांत नख रुततं. ड्रिलवरून ते घसरतं, आणि जिथे नख रुतत नाही तिथे मांजर दुसऱ्यांदा प्रयत्न करत नाही. बाजूची पट्टी कॅनव्हासची, कारण कोपऱ्यात काथ्याचा वास येतो आणि मांजरं तिथेच झोंबतात.

चाचांनी आणखी एक गोष्ट केली, न सांगता. गादी पोचवायला मुलगा आला त्याच्या हातात सुंभाचं भेंडोळं होतं. खाटेचा पायथ्याकडचा खांब त्याने जमिनीपासून अडीच फूट घट्ट गुंडाळून दिला. चाचांनी सांगून पाठवलं होतं, "मांजर उठल्यावर आळोखेपिळोखे देतं आणि लगेच नखं काढतं. खांब हाताशी असला तर गादीला हात लावणार नाही." चौदा महिन्यांत मिरसांगने त्या सुंभाच्या पार झिंज्या केल्या आहेत. गादीच्या कडेला एक ओरखडा आहे, तोही खाजेने पहिल्याच आठवड्यात काढलेला.

सगळे मिळून अकरा हजार दोनशे रुपये झाले, दोन खोळी धरून. टेंपोचे तीनशे वेगळे.

आता झोप कशी येते ते सांगते. पहिले पंधरा दिवस मला गादी कडक वाटली आणि मी मनातून घाबरले. मग अंग सरावलं. सकाळी कमर धरून उठणं बंद झालं. उन्हाळ्यात फरक सर्वांत जास्त जाणवतो: पंखा चालू असेल तर पाठ कोरडी राहते. या मेमध्ये भाटी एकदाही लादीवर गेली नाही, दोघी-तिघं मिळून गादीच्याच वाऱ्याच्या बाजूला पसरत होती. पावसाळ्यात बुरा नाही. दर पंधरा दिवसांनी मी गादी एका कडेने उचलून भिंतीला लावते, तासभर पंखा सोडते. ती वजनाला जड आहे, एकटीने उलटवणं होत नाही, दोघं लागतातच. दर तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे करायला चाचांनी सांगितलंय. एकदा विसरलो तर माझ्या बाजूला कमरेखाली हलका खळगा दिसू लागला होता. हा काथ्याचा गुण आहे, तो मान्य करूनच घ्यावी.

हालचाल जाणवते, हे वर म्हटलंच. साडेचारला यजमान उठले की मला कळतं. त्याच वेळी मिरसांगही उठायची आणि पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजेपर्यंत माझ्या केसांत तोंड घालून जेवण मागायची. मांजराचं अंगच पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं असतं, तो तिचा हट्ट नव्हे. उपाय गादीत नव्हता, वेळापत्रकात होता. आता रात्री दहाला दोरीला बांधलेल्या पिसामागे तिला दमेपर्यंत पळवते आणि मगच शेवटचं जेवण देते, उकडलेल्या बांगड्याचा काटे काढलेला तुकडा. धावायचं, खायचं, अंग चाटायचं, झोपायचं, हा क्रम रात्रीच पुरा झाला की पहाटे ती नुसती कूस बदलते. शिवाय उठल्या उठल्या वाटी भरायची नाही. आधी चहा, मग वाटी. महिना लागला, पण सुटलं.

धुण्याबद्दल. चादर आठवड्यातून दोनदा, खोळ दर पंधरवड्याला, दोन्ही ६० अंशांच्या पाण्यात. मध्ये तान्ह्या बाळाखाली घालतात तसली पातळ रबराची शीट, फक्त खाजेच्या जागेपुरती. सबंध गादीवर घातली की घाम येतो. गेल्या ऑक्टोबरात पिसवा झाल्या तेव्हा खोळीचं मोल कळलं. पिसवांची अंडी मांजराच्या अंगावर चिकटून राहत नाहीत, ते जिथे झोपतं तिथे गळून पडतात. म्हणजे आपल्या गादीवर. मांजराला औषध लावून अंथरूण तसंच ठेवलं तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. शेजारच्या वहिनींनी प्रेमाने त्यांच्या कुत्र्याचं मानेवर घालायचं औषध आणून दिलं होतं. डब्यावर परमेथ्रिन लिहिलेलं होतं. कुत्र्याला चालतं ते मांजराला झटके आणून मारू शकतं, म्हणून ते परत केलं आणि डॉक्टरांकडून मांजरांचंच आणलं. तिघांना दर महिन्याला औषध, दोन महिने खोळ दर चार दिवसांनी गरम पाण्यात, खाटेच्या पट्ट्यांतून व्हॅक्यूम. संपल्या. शिवलेल्या, न निघणाऱ्या खोळीची गादी असती तर ती उन्हात टाकण्यापलीकडे मी काही करू शकले नसते.

सासूबाईंना मांजरं अंथरुणात असणं अजूनही पटत नाही. घुरघुरीने दमा लागतो, असं त्या म्हणतात. घुरघुरीने लागत नाही. पण त्यांच्या भावाला दमा होता, तो मांजर आलं की धापायला लागायचा, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते खोटं नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं, फेल डी १ त्याचं नाव. मांजर अंग चाटतं तेव्हा ते केसांवर येतं, वाळतं, धुळीसारखं उडतं आणि गादी-पडद्यांत महिनोन्‌महिने टिकतं. आमच्या मुलीला त्याच्याने शिंका येतात. तिची खोली वेगळी, दार बंद, तिथे मांजरांना मज्जाव. ज्यांना दमा आहे त्यांनी मांजरं झोपायच्या खोलीबाहेरच ठेवावीत. कुठलीही गादी त्यावर उपाय नाही, आणि तसा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नये. तान्हं बाळ, औषधोपचारांनी प्रतिकारशक्ती उतरलेलं माणूस घरात असेल तरीही तेच. बाकीच्यांनी लसी, जंताचं औषध आणि घाणीची पेटी रोजच्या रोज साफ करणं चुकवू नये.

तक्रारी दोनच. एका खोळीची झिप सहाव्या महिन्यात अडकली. चाचांनी पैसे न घेता बदलून दिली, पण आठ दिवस लावले. आणि गादी द्यायला सांगितल्या तारखेपेक्षा बारा दिवस उशीर झाला. आम्ही ते बारा दिवस चटईवर झोपलो. पाचापैकी साडेचार द्यावेसे वाटतात, तो अर्धा तारखेसाठी कापते.

एक राहिलं. या मार्चपासून भाटीला खाटेवर उडी मारता येईना. ती खाली उभी राहायची, वर बघायची, मागचे पाय गोळा करायची आणि मारायचीच नाही. बारा वर्षांवरच्या बहुतेक मांजरांचे सांधे धरलेले असतात, लंगडत नाहीत म्हणून आपल्याला समजत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आपल्याकडची वेदनेची साधी गोळीही द्यायची नाही, पॅरासिटामोल मांजराला मारतं. तिला वेगळं औषध सुरू आहे. मी एकदा चाचांकडे गेले तेव्हा सहज बोलले. त्यांनी मागून गादीचे दोन तुकडे काढले, आमच्याच गादीचे, कापून उरलेले, वर्षभर ठेवलेले. एक चार इंच उंच, दुसरा आठ, दोन्हींवर तेच ड्रिल शिवून एकाला एक जोडले.

पायरी माझ्या बाजूला, भिंतीला टेकवून ठेवली आहे. पहिल्या रात्री तिने फक्त वास घेतला. दुसऱ्या रात्री मी माझी जुनी ओढणी वर टाकली. आता पाणी प्यायला उतरते ती दोनच्या सुमाराला, आणि मी दिव्याचं बटण न दाबता तशीच पडून राहते. आधी पायरीवर पंजे वाजतात, थांबतात, पुन्हा एकदा वाजतात, आणि मग गुडघ्यांमागे ऊब येते.